इथं लोखंड नाही, असं मी सांगितलं

पाण्याखाली लोखंड शोधणं हे माझं बावीस वर्षांचं काम. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. नाही, सोनं सापडलं नाही. बुडालेलं जहाजही नाही. सापडायचे ते पाइप, केबल, तुटलेल्या नांगरांच्या साखळ्या आणि एकदा एक फ्रिज, दार लावलेला.

मी मूळची मुरुमची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मुंबईत समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या एका कंपनीत लागले, ते ऑफिसात आलेख तपासायला. एका फेरीला ज्याला जायचं होतं त्याला कावीळ झाली आणि दुसरं कोणी मिळेना, म्हणून मला जहाजावर पाठवलं. समुद्र मी जवळून पाहिला तो नोकरीतच. गावी आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "जहाजावर काय असती गं तू, सैपाकाला का?" मी सांगितलं, "लोखंड हुडकायला." त्या म्हणाल्या, "एवढी शिकून?" आणि तांदूळ निवडायला लागल्या. कामाबद्दल इतकं थोडक्यात आणि इतकं नेमकं मत पुढं कोणी दिलं नाही.

काम असं असतं. समुद्रातून गॅसचे, तेलाचे पाइप किनाऱ्याकडे येतात. ते तळाच्या मातीत पुरलेले असतात. लाटा आणि प्रवाह ती माती हलवतात आणि पाइप कुठं उघडा पडतो, कुठं खोल जातो. उघड्या पाइपात बोटीचा नांगर अडकला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून दर काही वर्षांनी पाइप किती मातीखाली आहे ते मोजावं लागतं. त्यासाठी आरओव्ही नावाचं यंत्र पाण्यात सोडतात. दिवे, कॅमेरा आणि पंखे लावलेला लोखंडी सांगाडा, जाड केबलला बांधलेला. एक जण तो वर जहाजातल्या केबिनीत बसून चालवतो. सांगाड्याच्या पुढच्या बाजूला तारांची मोठी वेटोळी बसवतात. ती खाली विजेचा झटका सोडतात आणि खाली धातू असेल तर त्याचा उलटा झटका ऐकतात. तो ऐकणारी मी. बारा तास एका पडद्यावरची एक रेघ बघत बसायचं. रेघ वर गेली की लोखंड. सुरुवातीला मला हे रोमांचक वाटलं होतं. पंधरा दिवस वाटलं.

आता यातली मेख. आरओव्ही स्वतःच लोखंडाचा. वेटोळ्यांना सर्वांत जवळचं लोखंड तेच. त्यामुळे काम सुरू करण्याआधी जिथं खाली काहीच नाही अशी मोकळी जागा बघायची, यंत्र तिथं स्थिर धरायचं आणि यंत्राला सांगायचं की आत्ता जेवढं लोखंड जाणवतंय ते सगळं नाही असं धर. याला आम्ही 'झिरो मारणं' म्हणतो. यंत्र आज्ञाधारक असतं. तुम्ही 'नाही' म्हणालात की त्याच्या लेखी नाही.

एकदा चालकानं तळावर पडलेली एक जड कडी दिसली म्हणून यांत्रिक हातानं उचलून पुढच्या टोपलीत टाकली. कोणाला सांगितलं नाही. सहा तास पाइप आम्हाला एकाच खोलीवर, अगदी फूटपट्टीनं आखल्यासारखा दिसत राहिला. मागं बसलेले गिऱ्हाइकाचे प्रतिनिधी, एक निवृत्त अधिकारी, खूश होऊन म्हणाले, "किती सुंदर पुरलाय बघा!" मी म्हणाले, "सर, पाइप इतका शहाणा नसतो." ते रागावले. वेटोळ्यांना पाइप नव्हे, टोपलीतली ती कडीच ऐकू येत होती. कडी काढली, सहा तासांचं काम पुन्हा केलं. तेव्हापासून माझा एक नियम झाला. ज्याला उत्तर हवंय, त्याच्या तोंडून उत्तर आधी ऐकायचं नाही. कुणी म्हणायला लागलं की 'मॅडम, इथं इतकं खोल असणार', तर मी सांगायची, आत्ता नको, मोजून झाल्यावर बोला. या नियमानं मला बरीच वर्षं चांगलं नाव दिलं. पुढचं सगळं त्या नियमाबद्दलच आहे.

पाठ गेली आणि आईचे गुडघेही गेले, तेव्हा जहाज सोडून मुरुमला परत आले. पुण्याची एक लहान कंपनी अधूनमधून बोलावते. त्यांच्याकडे सुटकेसएवढा आरओव्ही आहे, तो धरणांत आणि तलावांत चालतो. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. काम आपल्याच जिल्ह्यात होतं, भूम तालुक्यात, ईटच्या पलीकडच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत.

गावाला साठवण तलावातून पाणी. काठावर विहीर, विहिरीवर पंप. पाणी खाली गेलं की वापरायला म्हणून तलावाच्या मध्यापर्यंत, तळात चर खोदून, बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा पाइप टाकलेला होता. तो पूर्वी तलाव पूर्ण आटला होता तेव्हा टाकला. नंतर पाणी भरलं, वर गाळ बसला आणि बरीच वर्षं त्या पाइपाची गरजच पडली नाही. त्या वर्षी पडली. व्हॉल्व्ह उघडला तर थेंब आला नाही.

मग दोन तर्क निघाले. एक, पाइपाचं तोंड गाळानं बुजलं असेल. तसं असेल तर तोंड शोधून मोकळं करणं आठवड्याचं काम. दुसरा तर्क असा की पाइप तिथं नाहीच. कागदोपत्री मध्यापर्यंत गेला, प्रत्यक्षात काठालगत चार तुकडे टाकून चर बुजवला. ठेकेदार कधीच वारला होता. त्या कामावरचा एकच माणूस गावात जिवंत होता, फिटर रशीदचाचा. मोजमापाच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्याची सही होती. गावात दुसरा तर्क जास्त लोकप्रिय होता.

सरपंच सुमनताई यांनी मला काठावरच हे सगळं सांगितलं. चाळिशीच्या, पायात स्पोर्ट शूज, बोलणं रोखठोक. "टँकर दिवसाआड येतोय मॅडम. पाइप हाय का न्हाय तेवढं सांगा. हाय तर काढू, न्हाय तर कुणी खाल्ला ते बघू."

मागून कुणीतरी म्हणालं, "कुणी खाल्ला ते समोरच उभं हाय की."

रशीदचाचा समोरच उभे होते. सत्तरीचे, उंच, खांद्यावर रुमाल. त्या वाक्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. ते सरळ माझ्याकडं आले. "बाई, नकाशावर जाऊ नका. पाइप म्या..."

मी हात वर केला. "चाचा, आत्ता काही सांगू नका. मशीन सांगेल. मोजून झालं की तुमचं ऐकते."

"अवो पण ऐकून तर घ्या."

"तुमच्याच भल्यासाठी म्हणते. उद्या लोक म्हणतील, चाचांनी दाखवलं तिथंच बाईंनी बघितलं."

ते थांबले, मान हलवली आणि बाभळीखाली जाऊन बसले. मला वाटलं, पटलं त्यांना.

यंत्र चालवायला कंपनीचा प्रशांत होता. तिशीचा, कामात नीट माणूस. बेचाळीसच्या पुढचं ऊन, तलावात पाणवनस्पतींचं जाळं, दर अर्ध्या तासाला पंखे गुंतायचे. पाण्याखाली वीतभर पुढचं दिसत नव्हतं, सगळा गाळ. नकाशात पाइप विहिरीपासून मध्यापर्यंत सरळ दाखवला होता. त्या रेघेपासून चाळीस-पन्नास फूट बाजूला मी मोकळी जागा धरली, यंत्र तळाशी स्थिर करवलं आणि झिरो मारला. मग नकाशातली रेघ आडवी कापत अशा बारा फेऱ्या मारल्या.

रेघ हलली नाही. एक-दोन ठिकाणी किंचित वर गेली, ती मी गाळातला एखादा पत्रा समजले. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असतो. तो बराच वेळ उणे दाखवत होता. तो मी पाहिला. उन्हानं यंत्र तापलं की आकडा खाली सरकतो, हे मला बावीस वर्षांपासून माहीत होतं, म्हणून सोडून दिला. पडद्यावरचा आलेख आधीच्या कुणीतरी शून्याच्या वरच्याच भागापुरता लावून ठेवला होता, तोही मी बदलला नाही. पाण्यात गेल्यावर लोखंडाचा एक ज्ञात तुकडा यंत्राखाली धरून पुन्हा तपासायचं असतं. काठावर तपासलं होतं, तेवढं पुरे म्हटलं. समुद्रावर माझ्या हाताखालच्या माणसानं असं केलं असतं तर मी त्याला केबिनीबाहेर काढलं असतं. पण इथं तलाव होता, पाणी वीस फुटांचं होतं आणि मला संध्याकाळच्या आत निघायचं होतं.

चार वाजता काठावर शंभरेक माणसं जमली होती. सुमनताईंनी विचारलं, "काय मॅडम?"

मी म्हणाले, "काठाजवळचा भाग सोडला तर इथं लोखंड नाही."

लोक हसायला लागले. एक जण ओरडला, "चाचा, बिडाची चव कशी असती वो?" चाचा बाभळीखालून उठले. माझ्याकडं बघत म्हणाले, "बाई, इन हातां से बोल्टां कस्या मैं. नक्को बोलो ऐसा." मी म्हणाले, "मी नाही चाचा, मशीन बोलतंय." त्यांचं ऐकून घेते म्हणाले होते, तेही राहिलं. गाडी उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुरुमला चहा घेत अहवाल लिहायला बसले. अहवालात आलेखाबरोबर मूळ आकडे जोडावे लागतात. पहिल्या फेरीचे आकडे बघितले. उणे, उणे, उणे, मग हळूहळू वर येत एका जागी बरोबर शून्य, मग पुन्हा उणे. दुसऱ्या फेरीतही तसंच. बाराही फेऱ्यांत तसंच. तापलेलं यंत्र असं करत नाही. तापलेलं यंत्र खाली सरकतं ते सरकतच जातं, दर फेरीत एकदा वर येऊन जात नाही. बारा शून्यं कागदावर मांडली. नकाशातल्या रेघेच्या बाजूनं, धनुष्यासारखी वाकलेली एक स्वच्छ रेघ तयार झाली. ती रेघ मी झिरो मारला त्या जागेवरून जात होती.

म्हणजे मी पाइपाच्या डोक्यावर उभं राहून यंत्राला सांगितलं होतं की हे लोखंड नाही असं धर. आणि त्यानं दिवसभर इमानानं तसं धरलं.

चहा गार झाला. प्रशांतला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "मॅडम, एक करू. सुधारित पाहणी म्हणून परत जाऊ. पहिल्या वेळी केबल सैल होती असं लिहू. कुणाला कळणार नाही."

"केबल सैल नव्हती."

"ते आपल्या दोघांनाच माहीत ना."

"प्रशांत, तू यंत्र घेऊन ये. काय लिहायचं ते मी बघते."

दुसऱ्या दिवशी एसटीनं भूम, तिथून जीपनं गाव. तलावावर पोचले तर काठावर सुमनताई एकट्या, कमरेवर हात ठेवून उभ्या. पाण्यात मध्यभागी ट्रकच्या टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर एक माणूस पालथा पडलेला. हातात लोखंडी गजांना गज जोडून केलेली लांब सळई. ती तो गाळात खुपसत होता, उपसत होता, पुन्हा खुपसत होता.

"तीन दिस झालं," सुमनताई म्हणाल्या. "सकाळी उतरतोय, ऊन चढलं तरी निघत न्हाय. बुडून मेला तर मला झेंगट. तुमी सांगा, तुमचं ऐकंल."

"माझं का ऐकतील?" मी म्हणाले. मग त्यांना माझी चूक सांगितली. दोनदा सांगावी लागली. मग त्यांना कळली. "मॅडम, आमी तुमच्या मशीनवर इश्वास ठिवला वो," एवढंच म्हणाल्या. मग तोंडाला हात लावून हाक मारली, "चाचाऽ, बाहीर या! पाइप घावला!"

चाचा हळूहळू हातानं पाणी मारत आले. पाठ उन्हानं सोलवटलेली, तळहातांना फोड. मी सगळं सरळ सांगितलं. ते ट्यूबवर बसून अंग पुसत ऐकत होते.

"तिथं कातळ लागला व्हता," ते म्हणाले. "सरळ खोदता येईना. म्हणून म्या वळवला. त्या काठावरच्या आंब्याकडनं. साहेबानं नकाशा बदलला न्हाय. त्येच सांगायला आलो व्हतो तुमाला."

"मी ऐकलं नाही."

"न्हाय ऐकलं." त्यांनी माझं म्हणणं खोडलं नाही आणि जास्तही काही म्हटलं नाही.

प्रशांत यंत्र घेऊन आला. या वेळी मी आधी चाचांना विचारलं, मग त्यांच्या वळणापासून पुष्कळ लांब जाऊन झिरो मारला, पाण्यात पाना बांधून सोडून तपासला, आलेख खालपर्यंत उघडला. दोन तासांत पाइप विहिरीपासून तोंडापर्यंत मिळाला. तोंड चार फूट गाळाखाली होतं. पुढं पंप लावून ते मोकळं केलं आणि आठवड्यानं पाणी आलं. त्यात माझं कौतुक नाही. पाइप तिथं होताच.

सुमनताई म्हणाल्या, "चाचा, आता मी गावात सांगून टाकते. मंदिराच्या भोंग्यावरनं बी सांगते."

"तुमी न्हाय." चाचांनी माझ्याकडं बोट केलं. "बाईनी सांगावं. जितक्या लोकांम्होरं न्हाय म्हणल्या, तितक्यांम्होरं हाय म्हणाव्या. त्याच जागी."

मागणी रास्त होती. भोंग्यावरून बोलावणं झालं. आम्ही बाभळीपाशी थांबलो. 'नाही' ऐकायला शंभर माणसं आली होती. 'आहे' ऐकायला अकरा आली, त्यातली तीन म्हशी पाण्यावर घेऊन जाताना थांबलेली. मी त्यांना सांगितलं. एकानं विचारलं, "मंग पाणी कवा येनार?" आणि म्हैस हाकली.

चाचांनी रुमाल झटकला. "चला बाई."

"कुठं?"

"घरोघर."

मी चौपन्न वर्षांची बाई, पाठीला पट्टा लावलेला, सकाळपासून एसटीत बसलेली. नको म्हणायला तोंड उघडलं, पण समोर त्यांचे तळहात दिसत होते. निघाले.

गावात दोनशेच्या आसपास उंबरे असतील. सगळे झाले नाहीत, पण चाचांच्या डोक्यात यादी होती. कोण त्या दिवशी हसलं, कोण काय बोललं, सगळं ठाऊक. दारात गेलं की ते बाजूला उभे राहायचे आणि मी बोलायची. पहिल्या दोन-तीन घरी मी झिरो म्हणजे काय ते समजावून सांगत होते. चौथ्या घरी चाचा म्हणाले, "एवढं नका सांगू. लोकं इसरतात." मग एकच वाक्य ठेवलं : पाइप आहे, चाचांनी टाकलाय, चूक माझी होती. कुणी "बरं" म्हणालं. कुणी बसायला पाट दिला. एका म्हातारीनं मला विचारलं, "तुजं लगीन झालंय का?" ज्यानं बिडाची चव विचारली होती तो दारात आला, ऐकलं आणि म्हणाला, "मस्करी व्हती चाचा, तुमी बी काय मनावर घेताव." चाचा म्हणाले, "मस्करी तर मस्करी. पण आता ऐकलंस न्हवं?" "ऐकलं." "मंग झालं." आणि पुढच्या दाराकडं.

मी आयुष्यात पुष्कळ अहवाल लिहिले. चुकीची दुरुस्ती जोडपत्रात, बारीक अक्षरात देतात. ते जोडपत्र घेऊन कुणाच्या दारात उभं राहायची वेळ आली नव्हती. कंपनीला दिलेल्या अहवालात मी 'चालकाची नव्हे, निरीक्षकाची चूक' असं पहिल्याच पानावर लिहिलं. त्यानंतर त्यांचा फोन वर्षभर आला नाही. अलीकडं पुन्हा येतो. मी कधी जाते, कधी नाही. गेले तर आता कामाआधी काठावरच्या जुन्या माणसाशेजारी बसते आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत यंत्राची पेटी उघडत नाही. माझा जुना नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण तो मी कुणाचं रक्षण करायला वापरत होते आणि कुठं नुसतंच ऐकायचा कंटाळा म्हणून, हे मला आता नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी शेवटी मशिदीमागच्या बोळात आम्ही एका निळ्या दारापाशी थांबलो. दाराशेजारी वेल्डिंगचं सामान. माझा आवाज बसला होता.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"माजंच हाय."

"मग इथं कशाला चाचा? घरात तर माहीतच असेल."

ते उंबऱ्यापासून दोन पावलं मागं सरकले. "सलीम आत हाय. माजा ल्योक. तीन दिस झालं बोलत न्हाय. अब्बा, सच बोलो, म्हणाला." रुमाल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "हितं बी सांगा. म्या हितंच थांबतो."

मी आत गेले. तिशी-पस्तिशीचा माणूस जमिनीवर बसून जेवत होता. मी माझं वाक्य म्हटलं. पाइप आहे, तुमच्या वडिलांनी टाकलाय, चूक माझी होती. त्याचा हात ताटातच राहिला. मला वाटलं माझ्यावर ओरडेल, आणि ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्यानं विचारलं, "अब्बा कुठं हैत?"

"दारात उभे आहेत," मी म्हणाले.

तो खरकट्या हातानंच उठला.